चामड्याचा वायसर आणि शंभर वर्षांची बंदूक

शस्त्रांचा इतिहास म्हटलं की आपल्याला तोफा, तलवारी, फार तर ठासणीच्या बंदुका आठवतात. आज बोलायचं आहे ते छर्ऱ्याच्या बंदुकीबद्दल. जत्रेत फळीवर फुगे लावलेले असतात आणि थोड्या पैशांत नेम धरायला देतात ना, तीच. दारू नाही, काडतूस नाही, धूर नाही. नळी मोडायची, शिशाचा छर्रा ठेवायचा, नळी बंद करायची आणि चाप ओढायचा. एवढंच.

या बंदुकीने कुठलं राज्य जिंकलं नाही, त्यामुळे इतिहासकारांनी तिच्याकडे फारसं पाहिलं नाही. पण तिच्यात एक कोडं आहे. 1905 च्या सुमारास बर्मिंगहॅममध्ये बनलेली स्प्रिंगची हवाई बंदूक आज घरच्या टेबलावर उघडून पुन्हा चालती करता येते. आणि 1970 च्या दशकात जर्मनीत बनलेली, तिच्याहून कितीतरी अचूक आणि महाग बंदूक नुसती कपाटात ठेवलेली असली, तरी निकामी झालेली सापडते. नवी मेली आणि जुनी जगली, असं का झालं? या प्रश्नाच्या मागे मागे जात आपण तिचा इतिहास पाहू.

आधी यंत्र समजून घेऊ. तुमच्यापैकी ज्यांनी पंपाचा रॉकेलचा स्टोव्ह वापरला आहे, त्यांना मी अर्धं आधीच सांगून टाकलंय. स्टोव्हच्या किंवा सायकलच्या पंपात दांड्याच्या टोकाला चामड्याची वाटी असते. तिला आपण वायसर म्हणतो. तो वाळला की पंप नुसता वर-खाली होतो, हवा काही भरत नाही. मग आई काय करायची? वायसर काढून त्याला खोबरेल तेल चोळायची, बोटाने कडा जरा बाहेर पसरायची आणि परत बसवायची. पंप चालू.

हवाई बंदूक म्हणजे हाच पंप, फक्त हाताच्या जागी स्प्रिंग. आपण तरफ किंवा नळी ओढतो तेव्हा दट्ट्या मागे जातो, स्प्रिंग दाबली जाते आणि खटक्यात अडकते. चाप ओढला की स्प्रिंग दट्ट्याला पुढे फेकते, समोरची हवा एका बारीक भोकापाशी चेपली जाते आणि ती हवा छर्ऱ्याला ढकलते. बंदुकीत हवा साठवलेली नसते. ती त्याच क्षणी, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास, तयार होते. म्हणजे सगळा भार कशावर? त्या वायसरवर. नळी कितीही उत्तम असो, वायसर गळका असेल तर छर्रा नळीतच राहील.

हवेच्या बंदुका तशा जुन्या. सुमारे 1780 मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने जिरांदोनी नावाच्या कारागिराची हवाई बंदूक वापरात घेतली होती. पण तिच्या दस्त्यात हवेची टाकी होती, ती भरायला शेकडो वेळा पंप मारावा लागे, आणि टाकी बनवणं म्हणजे निष्णात कारागिराचं काम. सामान्य माणसाच्या आवाक्यातली गोष्ट नव्हे ती. स्प्रिंगने हा प्रश्न सोडवला. 1870 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावी, हॅविलंड आणि गन या जोडीने स्प्रिंगवर चालणाऱ्या हवाई बंदुकांची पेटंटं घेतली. गन हे त्या गृहस्थाचं आडनावच होतं, बरं का! तिथून हा नमुना युरोपात गेला आणि ‘जेम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वस्त बंदुका घराघरांत पोचल्या. बहुतेक खेळणीच. नेम कुणाचा लागला तर तो नशिबाने.

खेळण्याचं यंत्र झालं ते बर्मिंगहॅममध्ये, आणि त्यामागे एक युद्ध होतं. 1899 ते 1902 या काळात दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध झालं. शेतकरी असलेल्या बोअरांचा नेम ब्रिटिश शिपायांपेक्षा चांगला निघाला आणि साम्राज्याला ते फार झोंबलं. लॉर्ड रॉबर्ट्ससारखे सेनानी म्हणू लागले की सामान्य नागरिकालाही नेमबाजी आली पाहिजे. गावोगाव छोट्या रायफलींचे क्लब निघाले. दुसरीकडे, युद्ध संपलं म्हणून बंदुकांच्या कारखान्यांची कामं आटली. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, म्हणजे बीएसए, हा 1861 मध्ये तिथल्या बंदूक-कारागिरांनी एकत्र येऊन उभारलेला कारखाना. आपल्याकडे बीएसए म्हटलं की सायकल आठवते, पण ते ‘एसए’ म्हणजे स्मॉल आर्म्स. तर या कारखान्याकडे उत्तम यंत्रं होती, कुशल हात होते आणि काम कमी होतं.

अशा वेळी लिंकन जेफ्रीज या बर्मिंगहॅमच्याच बंदूकवाल्याने 1904 मध्ये एक पेटंट घेतलं. त्याची कल्पना साधी होती. तोवर बंदूक भरताना नळी बिजागरीवर मोडायची, आणि बिजागरी सैल झाली की नेम गेला. जेफ्रीजने नळी पक्की बसवली आणि स्प्रिंग दाबण्यासाठी नळीखाली वेगळी तरफ दिली. मग छर्रा घालायचा कुठून? त्यासाठी वरच्या बाजूला एक फिरती तोटी. आपल्या पाण्याच्या नळाच्या जुन्या पितळी तोटीसारखी. फिरवली की भोक वर येतं, छर्रा टाकायचा, परत फिरवली की भोक नळीच्या रेषेत. बीएसएने ही बंदूक सैन्याच्या रायफलीच्या तोडीच्या पोलादात आणि तितक्याच काटेकोर मापात बनवली. खेळण्याची वस्तू, पण हात लष्करी कारखान्याचे. ही जात दुसऱ्या महायुद्धापर्यंत, अधूनमधून खंड पडत, बनत राहिली.

तिचा खेळही मजेदार. बर्मिंगहॅमच्या परिसरातल्या दारूच्या गुत्त्यांमध्ये भिंतीवर पोलादी पत्रा टांगलेला, मधोमध बोटभर भोक, भोकामागे घंटा. छर्रा भोकातून गेला की ‘टण्ण’. गिरणी-कारखान्यातले कामगार संध्याकाळी पेला बाजूला ठेवून नेम धरायचे. गुत्त्या-गुत्त्यांचे संघ, त्यांच्या स्पर्धा. काही ठिकाणी हा खेळ आजही चालतो.

हे कामगार हातात पाना घेऊन जगणारे होते, ही बाब लक्षात ठेवा. बंदूक गळायला लागली तर कारखान्यात पाठवायची कुणाला गरज नव्हती. बूट शिवणाऱ्याकडून जाड चामड्याचा तुकडा आणायचा. पाण्यात भिजवायचा. दट्ट्याच्या मापाच्या साच्यात दाबून वाटी करायची, साच्यातच वाळू द्यायची. मग कडा धारदार सुरीने सारख्या करायच्या, चरबी किंवा तेल मुरवायचं आणि मधला स्क्रू आवळायचा. आज जो माणूस घरी 1910 ची बीएसए दुरुस्त करतो, तो नेमकं हेच करतो. शंभर वर्षांत कृती बदललेली नाही, कारण बदलायची गरज पडली नाही.

आता जर्मनीकडे जाऊ. राष्टाट गावात 1890 मध्ये मायर आणि ग्रामेल्सपाखर यांचा कारखाना सुरू झाला. त्यांचं ‘डायना’ हे नाव जगभर गेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर या कारखान्याची यंत्रसामग्री ब्रिटनला गेली. स्कॉटलंडमधल्या मदरवेल इथल्या मिलार्ड ब्रदर्सने, म्हणजे मिलब्रोने, त्यावर बंदुका काढल्या, डायना याच नावाने. मूळ जर्मन कंपनी पुन्हा उभी राहिली तेव्हा ब्रिटनमध्ये तिला स्वतःचंच नाव वापरता येईना. ते नाव 1984 मध्ये परत मिळालं. त्यामुळे आज कुणाच्या माळ्यावर ‘डायना’ सापडली, तर पहिला प्रश्न असतो, जर्मन की स्कॉटिश? ते ठरल्याशिवाय सुटे भाग मागवता येत नाहीत. इतिहास हा असा स्क्रूच्या मापापर्यंत उतरतो.

1950 नंतर जर्मन कारखान्यांनी मोठी मजल मारली. वाइरौख कंपनी मूळची झेला-मेलिसची, ती युद्धानंतर मेलरिखश्टाटला आली आणि तिने एचडब्ल्यू 35 ही दणकट बंदूक काढली. ओबर्नडॉर्फच्या फाइनवेर्कबाऊने ऑलिंपिकच्या दर्जाच्या रायफली केल्या, आणि 1970 च्या दशकात मॉडेल 124 नावाची खेळाडू माणसाची बंदूक आणली. हलकी, गोड चापाची, वेगवान. याच काळात वायसर चामड्याचा राहिला नाही. कृत्रिम आला. तो गुळगुळीत, घर्षण कमी, तेलाची कटकट नाही. कागदावर सगळा फायदाच.

पण त्या पहिल्या पिढीच्या प्लास्टिकला आयुष्य किती, हे तेव्हा कुणालाच अनुभवाने माहीत असणं शक्य नव्हतं. काही वर्षांनी 124 चे वायसर आपोआप ठिसूळ झाले आणि त्यांचा भुगा झाला. बंदूक वापरली असो वा नसो. दट्ट्या बाहेर काढला की तपकिरी चुरा हातात येतो. आणि मग दुरुस्ती करणारा अडतो. चामड्याची वाटी स्वयंपाकघरात करता येते, प्लास्टिकचा वायसर घरी कसा करणार? 124 च्या बाबतीत पुढे चांगल्या टिकाऊ पदार्थांचे नवे वायसर मिळू लागले, काही हौशी लोक लेथवर स्वतः काढू लागले, म्हणून ती वाचली. कमी खपाच्या कितीतरी बंदुकांना हे भाग्य लाभलं नाही.

तर हे पहिलं उत्तर. वस्तूचं आयुष्य तिच्या सगळ्यात मजबूत भागावर ठरत नाही. झिजणारा भाग कुणाला बनवता येतो, यावर ठरतं. बीएसएवाल्यांनी नळी लष्करी दर्जाची केली, पण झिजणारा भाग चांभाराच्या हाती ठेवला. नकळत ठेवला असेल. तरी बंदूक त्यामुळेच जगली.

आता दुसरा भाग, ट्यूनिंगचा. हा शब्द वाद्याचा. तंबोरा लावतात तशी बंदूक लावायची. पण सुरुवातीला लोकांना सूर नको होता, जोर हवा होता. जास्त ताकदीची स्प्रिंग घाला, तिच्यामागे आणखी एक चकती सरकवा, तेलाचे दोन थेंब टाका आणि धडाम! छर्रा किती खोल शिरतो ते जुन्या जाडजूड पुस्तकावर मोजा. वेग मोजायचं यंत्र घरी नव्हतं, त्यामुळे आवाज मोठा म्हणजे ताकद मोठी, असा सगळा हिशेब.

दोन गोष्टींनी हे बदललं. पहिली, कायदा. ब्रिटनमध्ये 1969 च्या नियमांनी हद्द ठरवली. छर्ऱ्याची ऊर्जा 12 फूट-पौंडांच्या, म्हणजे सुमारे 16 ज्यूलच्या वर गेली, तर ती हवाई बंदूक बंदुकीच्या परवान्यात येणार. जर्मनीने तर परवान्याशिवाय 7.5 ज्यूलचीच मुभा ठेवली. आता ताकद वाढवण्यात अर्थ उरला नाही. मग घरच्या कारागिराने प्रश्नच बदलला. तेवढ्याच ताकदीत ती शांत, सरळ आणि दर वेळी सारखी कशी वागेल? स्प्रिंगला आतून नीट बसणारी मार्गदर्शक नळी द्या, म्हणजे ती झणझणणार नाही. धातूच्या कडांचे बर काढा, म्हणजे ते वायसर कापणार नाहीत. स्प्रिंगची टोकं घासून सपाट करा. योग्य ग्रीस पातळ हाताने लावा. कायद्याने दार बंद केलं आणि कला आत वाढली. आपल्याकडे छंदात, वृत्तात लिहिणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट, कार्ड्यू नावाच्या बाप-लेकांची. हे इंग्लंडमधले हौशी संशोधक. त्यांना पडलेला प्रश्न असा, की दट्ट्यापुढची हवा इतक्या झटक्यात चेपली जाते की ती प्रचंड तापते. मग तिथलं तेल जळत असेल का? त्यांनी बंदूक नायट्रोजनमध्ये चालवून पाहिली. नायट्रोजनमध्ये काही जळू शकत नाही. आणि छर्ऱ्याचा वेग लक्षात येण्याइतका खाली आला. म्हणजे ज्याला आपण निव्वळ हवेची बंदूक समजत होतो, त्या ताकदवान स्प्रिंगच्या बंदुकीत दर वेळी तेलाचा सूक्ष्म अंश जळत होता. थोडा जळला तर मदत. जास्त जळला तर स्फोट, वेग वेडावाकडा, वायसर जळका, स्प्रिंग मोडकी. त्यांचं पहिलं पुस्तक 1976 मध्ये आलं, पुढचं मोठं पुस्तक 1995 मध्ये. घरच्या वर्कशॉपमध्ये झालेलं हे भौतिकशास्त्र आहे.

त्यामुळे ‘दोन थेंब तेल टाका’ हा आजोबांचा सल्ला अर्धाच खरा ठरला. चामड्याच्या वायसरला तेल लागतं, ते त्याचं अन्न आहे. कृत्रिम वायसरच्या बंदुकीत तेच तेल विषासारखं. तसंच स्प्रिंगचं. फार जोरकस स्प्रिंग घातली तर दट्ट्या पुढच्या हवेच्या गादीवर आपटून उलटा उसळतो, बंदूक आधी मागे आणि मग पुढे झटका देते, आणि वेग वाढायच्या ऐवजी कधी कमीच होतो. जोर करून काही साधत नाही, हे इथे सेकंदाच्या शंभराव्या भागात सिद्ध होतं.

इथे जरा धोक्याचं बोलतो. बंद बंदुकीतही स्प्रिंग मोकळी नसते, थोडी दाबलेलीच असते. मागची पिन नुसती ठोकून काढली तर स्प्रिंग आणि तिच्यामागचा लोखंडी तुकडा तोंडावर येऊ शकतो. त्यासाठी लांब शिकंजा लागतो, त्यात बंदूक धरून हळूहळू ताण सोडायचा. झिजलेल्या खटक्याची बंदूक छर्रा घालत असताना सुटली, तर उघडी नळी झटक्याने मिटते आणि मधे सापडलेलं बोट सोडत नाही. म्हणून छर्रा घालताना दुसऱ्या हाताने नळी किंवा तरफ घट्ट धरून ठेवायची. आणि रिकामी बंदूक उडवायची नाही. समोर छर्रा नसला की हवेची गादी तयार होत नाही, दट्ट्या थेट लोखंडावर आदळतो.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. जीर्णोद्धार म्हणजे नक्की काय? आपल्याकडे जुन्या देवळाच्या दगडावर चकचकीत ऑइलपेंट फासतात आणि म्हणतात, जीर्णोद्धार झाला. कोरीव काम बुजलं त्याचं काय? बंदुकीतही तेच होतं. गंज दिसला की माणूस पॉलिश पेपर घेतो, घासघास घासतो, वरून नवं काळं-निळं पाणी चढवतो. बंदूक नवी दिसते. पण त्या घासण्यात पेटंटचं वर्ष, कारखान्याची खूण, क्रमांक पुसट होतात. दस्त्यावरचं, गालाच्या घामाने काळवंडलेलं लाकूड रंधून टाकलं, तर तिथे गाल टेकवणारी माणसंही गेली. त्यामुळे जाणते लोक एक साधा नियम पाळतात. आतून हवं ते करा, कारण आतलं काम परत फिरवता येतं. काढलेला जुना वायसर, जुनी स्प्रिंग चिठ्ठी लावून पिशवीत ठेवा. बाहेरून मात्र गंज थांबवा आणि हात आवरा.

आपल्याकडचं काय? बर्मिंगहॅमच्या बंदुका साम्राज्याबरोबर इथेही आल्या. मुंबईत लहानपणी सलीम अलींनी खेळण्यातल्या हवाई बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, हे विचारायला तो मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि भारतीय पक्षिशास्त्राला सलीम अली मिळाले. त्यांच्या आत्मचरित्राच्या नावातही ती चिमणी आहे. पण आज कुणी तसं करू लागलं, तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो, आणि आलाच पाहिजे. ज्या हातांनी बंदूक दुरुस्त केली, त्यांनी ती कागदाच्या लक्ष्यावरच चालवावी.

स्वतंत्र भारतात देशी हवाई बंदुकाही निघाल्या. वालचंद हिराचंद यांनी 1926 मध्ये स्थापलेली इंडियन ह्यूम पाइप कंपनी सिमेंटच्या पाइपांसाठी प्रसिद्ध, पण तिच्या ‘नॅशनल’ हवाई बंदुकाही अनेक घरांत होत्या. त्यांचं आता काय करायचं? आधी नियम पाहा. 2016 च्या शस्त्र नियमांनी आपल्याकडे 20 ज्यूल ऊर्जा आणि 4.5 मिलिमीटर नळी अशी हद्द घातली आहे. तिच्या वरची हवाई बंदूक परवान्याच्या कक्षेत येते. म्हणजे आजोबांच्या कपाटातली 5.5 मिलिमीटरची बंदूक तेव्हा साधी वस्तू होती, म्हणून आजही तशीच आहे असं समजू नका. पाना हातात घेण्याआधी ती चौकशी करा. आणि ‘ट्यून करून जोर वाढवतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. तो तुमची बंदूकही बिघडवेल आणि तुम्हाला कायद्याच्या पलीकडेही नेऊन सोडेल.

शेवटी एवढंच सांगतो. आपल्या घरातल्या किती वस्तू आपण उघडू शकतो, याचा हिशेब कधी करून पाहा. स्टोव्ह उघडायचो, सायकल उघडायचो, शिलाई मशीन उघडायचो. आता बहुतेक वस्तूंना स्क्रूच नसतो, आतलं सगळं डिंकाने चिकटवलेलं. अशा वस्तूला वारस मिळत नाही, फक्त ग्राहक मिळतो. बर्मिंगहॅमच्या कामगाराने तेव्हा खरेदी केलेली बंदूक आज चौथ्या-पाचव्या हातात आहे, आणि त्या प्रत्येकाने कधीतरी चामडं भिजवलं आहे, कडा कापली आहे, तेल चोळलं आहे. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. पण दट्ट्या बाहेर काढला आणि आत हाताने कापलेली, किंचित वाकडी चामड्याची वाटी दिसली, की कळतं, आपल्या आधी इथे कुणीतरी बसलं होतं.